पर्यंतचा रकाना

महापालिकेत वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथं
सागवानी फळा आहे, माझ्याच हातचा.
साहेबांची नावं. पुढं दोन रकाने,
एकावर कानडीत 'इंद', दुसऱ्यावर 'वरेगे'.
आपल्यात पासून आणि पर्यंत.
मला कानडी येतं ते एवढंच: नावं, तारखा,
आणि अक्षराच्या पायाशी लोंबणारं ओत्तक्षर.
त्याचे पैसे मी वेगळे लावत नाही.

सतरा नावं झाली. सगळ्यात जास्त टिकलेला
दोन वर्षं, एक महिना.
सगळ्यात कमी टिकलेल्याचा रंग वाळायचा होता.

यंदा म्हणे पद्धत नवी.
वरनं कुणी धाडणार नाही, माणूस पारखून घ्यायचा.
बेंगळूर, हैदराबाद, पुण्याच्या पेपरात जाहिरात,
पगाराची शून्यं हुद्दार क्लार्कनं
बोट ठेवून दोनदा मोजली.
'दूरदृष्टी असावी असं लिहिलंय,' म्हणाला.
मी म्हटलं, जवळचं दिसणारा बघा की एखादा,
बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी
काय दुर्बिणीनं बघायचीय?

मुलाखतींच्या दिवशी मलाही बोलावणं.
निवड झाली की लगेच नाव घालायचं,
सकाळी फळ्यापुढं फोटो होता.
बसलो बाकावर, डबा, ब्रश, दोऱ्याचं रीळ घेऊन,
सात उमेदवारांच्या रांगेत आठवा.
नव्या शिपाई पोरानं मलाही चहा दिला
आणि अदबीनं विचारलं, 'सर, तुमचा नंबर कितवा?'

एक जण मोबाईलात तोंड बघत भांग सारखा करत होता.
एक जण ओठातल्या ओठात
रिंगरोड, रिंगरोड, स्तोत्र म्हणावं तसा.
एकाला कुंदा कुठला चांगला ते पाहिजे होतं.
त्याला मी खरं ते सांगितलं.

आणि विनया कुलगोड. हुबळीकडची असावी.
फळ्यापुढं उभी राहिली,
गाडीचं टायमटेबल बघतात तशी.
'हे सगळे का गेले ओ?'
सात जणांत तिनंच फळा वाचला.

मी सांगत गेलो.
ह्याला नाल्यावरची बांधकामं मोजायची हौस.
हा पहाटे स्कूटरवरनं कचरा डेपोला जायचा, एकटाच.
ह्याच्या दारावरची पाटी कुठल्या लिपीत, यावरनं
तीन दिवस खुर्च्या फुटल्या,
आणि त्या बिचाऱ्याला दोन्ही वाचता येत नव्हत्या.
हा चांगला होता.
'चांगल्याचं काय झालं?'
मी 'वरेगे'वर बोट ठेवलं.

ती आत गेली. दार नीट लागत नाही ते,
पावसात फुगलंय.
'पाच वर्षांत ह्या शहराला कुठं न्याल?' आतनं आवाज.
'पाच वर्षं देणार काय, ते आधी लिहून द्या.'
मग बराच वेळ नुसता पंखा.

पुढं मी केलं ते सांगू नये खरं तर.
उठलो, खडूचा दोरा मारला,
अठराव्या ओळीत पेन्सिलीनं हलकेच
तिचं नाव मांडून बघितलं. बसत होतं बरोबर.
शेवटच्या रकान्याकडं बघितलंच नाही.

संध्याकाळी चिठ्ठी आली. दुसरंच नाव,
डिग्र्या धरून एकतीस अक्षरं.
बारीक करून कोंबली.
रबर विसरलो होतो घरी, तसंच वरनं इनॅमल मारलं.
पिवळ्याखाली काय आहे ते कोण बघायलंय.

ती जिन्यातच भेटली. बसला अजून वेळ होता.
'तुमचे पैसे तरी वेळेवर देतात काय?'
म्हटलं, बाई, मागच्या तीन नावांचं बिल पडून आहे.
सही साहेबांची लागते,
आणि साहेब फाईल समजून घेईस्तोवर
मला नव्या नावाचं बोलावणं येतंय.

हसली. बॅग खाली ठेवली, चष्मा काढला,
'द्या बघू इकडं.'
तिथंच पायरीवर बसून
बेरजेत हातचा धरायचा राहिलेला दाखवला.
आणि ओत्तक्षराचे पैसे लावा म्हणाली,
तेही अक्षरच आहे.